बापाने न लावलेली आग

कुवेतमध्ये समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात मी टेक्निशियन आहे, आणि आमच्या ठाकरवाडीतला झरा माझ्यामुळे आटला.

त्या झऱ्याची राखण बापाकडे होती. पौषात, दव पडायच्या बेताला, तो झऱ्यावरच्या डोंगरात पट्ट्यापट्ट्याने गवत पेटवायचा. आग गुडघ्याएवढीच चालायची आणि दवाने आपोआप विझायची. मग चैत्रात कुठूनही वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्यांशी थांबायचा. वर झाडं राहिली तर खाली पाणी राहतं, असं बाप म्हणायचा. त्याला हे त्याच्या बापाने शिकवलं होतं.

कुवेतच्या मंगफ भागातल्या एका फ्लॅटवर एका शुक्रवारी मराठी मंडळी जेवायला जमली होती. कुणीतरी मोबाइलवर जळत्या डोंगराचा व्हिडिओ दाखवला. "हे आदिवासीच पेटवतात, अडाणी लेकाचे," एक इंजिनिअर म्हणाले. मी ठाकर आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी मान डोलावली. वर म्हणालो, "कायदाच कडक हवा." नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं!

दुसऱ्या दिवशी बापाला फोन केला. "बा, ते जाळणं बंद कर. लोक हसतात आपल्याला."

तो म्हणाला, "तू पाण्याचंच शिकलायस. तुला जास्त कळत असंल."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दोन वर्षं गवत कंबरेएवढं माजलं. तिसऱ्या वर्षीचा वणवा झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढला. पावसात उघडी माती खाली आली, झरा गाळाने बुजला आणि आटला. आता वाडीतल्या बाया डोंगर उतरून नदीवर जातात.

यंदा कुवेत शहरात, शर्क भागातल्या हॉटेलात आमचं पाणी राखण्यावरचं ट्रेनिंग होतं. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी थंडीत गवत जाळून पाणी कसं राखतात, ते पाहुण्या वक्त्याने पडद्यावर दाखवलं. तीच गुडघ्याएवढी आग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या केरळी सहकाऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे कुणी करतं का असं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. पुन्हा शेपूट घातली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन बापाला फोन लावला. "बा, चूक माझी होती. वाडीत सांग, मीच बंद करायला लावलं म्हणून."

"वाडीला मी कवाच सांगितलंय," तो म्हणाला. "म्हातारा झालो, जाळायचं इसरलो म्हणून. तुझं नाव कशाला घेऊ? तुला परत यायचंय ना इथं."