नर्सबाईंचा पटका

नर्स शालूबाई मूळची पलूसची, उसाच्या आणि पाण्याच्या मुलखातली. सरकारनं तिला उचलून टाकलं म्हसवडकडच्या एका कोरड्याठाक वाडीवर, आणि सोबत दिला एक रंगीत तक्ता. तक्त्यावर गुटगुटीत बाळ, शेजारी केळं, गाजर, अंड्यातलं पिवळं. सहाव्या महिन्यापासून बाळाला वरचं अन्न द्या म्हणे! तीन वर्षं शालूबाई घरोघर तो तक्ता उलगडत होती. बाया कौतुकानं बघायच्या, "पोरगं लय ग्वाड हाय," म्हणायच्या आणि आपलं तेच करायच्या. केळं वाडीला दिसायचं ते सिद्धनाथाच्या जत्रेत. गाजराचं तर नावच सोडा.

१९७४ सालच्या फाल्गुनात तिची गाठ पडली बनाबाईशी. बनाबाईची सून सुला, आणि सुलाचा मुलगा आठ महिन्यांचा. शालूबाईनं त्याला झोळीत घालून काट्याला लावलं. दोन महिन्यांपूर्वी जेवढं वजन, तेवढंच आजही. सुलाचं दूध पुरत नव्हतं, आणि पोर आता रडायलाही कंटाळलं होतं. मागच्याच वर्षी असं एक लेकरू शालूबाईच्या डोळ्यांदेखत गेलं होतं. त्याच्या नावापुढं तिनं वहीत 'सल्ला दिला' असं लिहून सही केली होती. ती सही तिला अजून टोचत होती.

"बाळाला मऊ वरणभात सुरू करायला हवा," ती म्हणाली.

"उष्टावण न्हाई झालं अजून," बनाबाई म्हणाली. "मामानं मांडीवर घिऊन पयला घास द्यायचा. त्याच्या आदी दाणा पोटात गेला, तर मामाच्या जिवाला वंगाळ."

"मग बोलवा मामांना."

"नाथाजी मेंढरं घिऊन कोकणात गेलाय. पावसाच्या तोंडाला येतुया."

आता बोला! म्हणजे अजून तीन महिने. मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसाला पत्र कुठल्या पत्त्यावर धाडणार? शालूबाईनं तक्ता उलगडला, जीवनसत्त्वं सांगितली, प्रथिनं सांगितली. बनाबाई मान डोलवत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मात्र शालूबाईचा पारा चढला. तक्ता गुंडाळून तिनं कोपऱ्यात भिरकावला.

"आवं मावशी, मला भाऊ न्हाई! बाप गेला तवा सगळं गाव नगं नगं म्हणत हुतं, पर अग्नी मीच दिला. बापाला चाललेला हात ह्या लेकराला चालत न्हाई व्हय? सुला माजी भन. तिचा भाऊ मीच!"

तीन वर्षांत ती पहिल्यांदाच वाडीवर घरच्यासारखी बोलली होती.

म्हातारीनं तिला पायापासनं डोक्यापर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "बोडक्या डोक्याचा मामा कुटं असतोय व्हय?" आणि सुलाच्या नवऱ्याचा, केरबाचा, तांबडा पटका खुंटीवरनं काढून तिच्या पुढ्यात टाकला.

पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ आणि डोक्यावर तांबडा पटका! दारात बाया गोळा झाल्या, हसून हसून लोळायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. शालूबाईनं पोराला मांडीवर घेतलं आणि मूगडाळ घालून शिजवलेल्या मऊ भाताचा घास त्याच्या तोंडाला लावला. त्यानं तो गिळला आणि पुन्हा आ केला. शालूबाईचे डोळे भरून आले.

तक्त्याला तीन वर्षांत जमलं नाही, ते पटक्यानं महिन्यात केलं. अर्ध्या वाडीचे मामा कोकणात. बोलावण्यांना तोटा नव्हता. पटका पिशवीत थर्मामीटरशेजारी राहू लागला. तपासणीला आलेल्या डॉक्टरसाहेबांनी तो वर काढून विचारलं, "हे काय?"

"आहार-शिक्षणाचं साहित्य, साहेब."

साहेब खूश झाले आणि त्यांनी आणखी दहा तक्ते पाठवले.

पावसाच्या तोंडाला नाथाजी आला, आणि सगळं कळल्यावर काठी घेऊन तडक उपकेंद्राकडं निघाला. त्याला बघून शालूबाईनं पटका पिशवीच्या तळाशी दडपला. त्याचा मान तिनं घेतला होता, दुसरं काय! तो दारात उभा राहिला. कडेवर भाचा, भाच्याच्या मुठीत भाकरीचा तुकडा.

"मामा कुटं, म्हनून इचारलं तर ह्यो तुमच्या दाराकडं बोट करतुया," नाथाजी म्हणाला. मग त्यानं भाच्याला तिच्या मांडीवर ठेवलं आणि डोक्यावरचा पटका उतरवून पुढं केला. "केरबाचा त्याला परत द्या. मामानं मामाचाच बांधावा."

तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. नाथाजी गेल्यावर तिनं वही उघडली आणि पोराच्या नावापुढं, 'सल्ला दिला' लिहायच्या जागी, 'जेवतो' एवढंच लिहिलं.