ओलेश डॉक्टरांचं चित्र

इर्मिना चेर्नेगा तीस वर्षं दूधसंघाच्या गाड्यांवर गाई रंगवायची. संघ बंद पडल्यावर ती घरीच माणसांची, कुत्र्यांची, लग्नाच्या जोड्यांची चित्रं काढून द्यायला लागली. येईल त्याला आधीच सांगायची, "पैसे माझे नाहीत. ज्या बायकांच्या गर्भपाताला आपल्या पोलंडमधले डॉक्टर हात लावत नाहीत, त्यांना सीमेपलीकडे पाठवायला जातात. पटत नसेल तर दुसरीकडे जा." निम्मी गिऱ्हाइकं जिन्यावरूनच परत फिरायची. मी खालच्या मजल्यावर राहते, मला पावलं ऐकू यायची.

हे सगळं तिच्या लेकीपासून, मालविनापासून सुरू झालं. पोरीचं पाचव्या महिन्यात पाणी गेलं. बाळ जगणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचे ठोके चालू होते, म्हणून कायद्यावर बोट ठेवून ओलेश डॉक्टर थांबले. ठोके बंद झाले तोवर विष रक्तात भिनलं होतं. मालविना वाचली, गर्भाशय गेलं. इर्मिना बाहेर बाकावर जपमाळ ओढत बसली होती.

आणि या वसंतात त्याच वॉर्डातली मोठी नर्स, बोझेना, तिच्या दारात उभी राहिली. ओलेश डॉक्टर निवृत्त होणार होते, नर्सांनी त्यांच्या चित्रासाठी वर्गणी काढली होती.

"पैसे कुठे जातात ते आम्हाला ठाऊक आहे," बोझेना हळूच म्हणाली. "म्हणूनच तुमच्याकडे आले. नाही म्हणालात तरी मी समजेन, इर्मिनाबाई."

इर्मिना हो म्हणाली. मला वाटलं, पैशांसाठी. एका मुलीचं त्याच आठवड्यात सीमेपलीकडे निघणं पैशांवाचून अडलं होतं.

रविवारी मालविना जेवायला आली. मीही होते. चूल अडवून चित्र वाळत ठेवलं होतं. सूप वाढायच्या आधीच तिने ते पाहिलं.

"जरा कुरूप तरी काढायचंस."

"फोटोत आहे तसा काढलाय."

"हो, डोळे असेच आहेत." ती खुर्चीवर बसली. "माझा हात धरून म्हणायचा, थोडं थांबू या हं, मालविनाबाई. इतकं गोड बोलायचा." मग तिची नजर खालच्या कोपऱ्यावर गेली. एरवी इर्मिना सही म्हणून नुसती दोन अक्षरं टाकायची. इथे अख्खं नाव होतं, ठळक. "हे कशाला?"

"वाचू दे त्याला. चेर्नेगा आडनाव या गावात आणखी कुणाचं आहे? घरी भिंतीवर लावेल आणि रोज बघेल."

"आई, तो ओळखणारसुद्धा नाही."

"ओळखेल."

"नाही ओळखणार. आणि तू मला येऊन काय सांगशील?"

शेवया सुपात फुगत राहिल्या. कुणीच नीट जेवलं नाही.

समारंभ इस्पितळाच्या जेवणघरात होता. चित्र जड, म्हणून एक बाजू धरायला मी गेले. केक होता, ट्यूलिप होते, बोझेनाचे डोळे जमिनीला खिळलेले. डॉक्टरांनी चित्रावरचा कागद काढला, हसले, चष्मा चढवून कोपऱ्याशी वाकले.

"इर्मिना चेर्नेगा," त्यांनी मोठ्याने वाचलं. इर्मिनाने माझा दंड घट्ट पकडला. "वा! कुठल्या तुम्ही?"

"इथलीच."

"असं? आणि मला कधी भेटला नाहीत! दोन हनुवट्यांची तेवढी एकच ठेवलीत, उपकार झाले."

सगळे हसले. डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी मान खाली घालून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. तिने हात काढून घेतला नाही. नुसती त्यांच्या टकलाकडे बघत उभी राहिली.

बस थांब्यावर फोन वाजला. इर्मिनाच्या कानाला यंत्र आहे, फोनचा आवाज मोठा. मला सगळं ऐकू आलं.

"ओळखलं का?" मालविनाने विचारलं.

"ओळखलं," इर्मिना म्हणाली. "नाव वाचलं आणि मान खाली घातली त्याने."

"काही बोलला?"

"काय बोलणार?"

मग पलीकडून रडणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत ती पोर आईसमोर एकदाही रडली नव्हती. इर्मिना फोन कानाशी धरून "हो गं, हो," एवढंच म्हणत राहिली. एक बस आली नि गेली.

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "तू तिथे होतीस. ती तुला विचारेल."

"विचारू दे," मी म्हटलं. "मान खाली घातलीच होती त्याने."