मधल्या नावाचा शोध

माझ्या आईला कुणी माहेर कुठलं म्हणून विचारलं, की ती सरळ सांगायची, “मला माहेर नाही.” त्यात रडगाणं नसायचं. बाजारात आज मेथी आली नाही असं सांगावं, तितक्या साध्या आवाजात ती सांगायची. विचारणारीच मग ओशाळायची आणि विषय बदलायची.

आई तीन वर्षांची असताना तिची आई वारली. मुंबईत चाळीत राहणारी मावशी गावी गेली आणि तिला घेऊन आली. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिनंच आईला वाढवलं, शाळेत आपल्या नवऱ्याचं आडनाव लावलं, पुढे लग्नही लावून दिलं. मावशी मूळची वसईकडची. इतकी वर्षं मुंबईत काढूनही ती ‘पाणी’ला ‘पानी’च म्हणायची. पण गावाचा विषय निघाला की ती उठून कामाला लागायची. आईनं फार खनपटीला बसून एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, “तुज्या बापानं दुसरं लगीन केलं आनि तुला देऊन टाकलं. आता काय ते ईचारू नको.”

आईनं पुन्हा विचारलं नाही. वडिलांचं नाव, आडनाव आणि ‘सोपाऱ्याच्या पुढे, खाडीच्या अलीकडे’ एवढंच तिच्याकडे उरलं. आणि ‘देऊन टाकलं’ हे दोन शब्द.

माझे वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. मी वसईतल्या गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते, घरही तिथून जवळच. आपण आता आईच्या गावाच्या इतक्या जवळ राहतो, मग शोधायला काय हरकत आहे, असं माझ्या मनात आलं. फेसबुकवर आमच्या भागातल्या गावांचा एक ग्रुप आहे, त्यात मी आजोबांचं नाव टाकलं. दोन दिवसांत एकांनी कळवलं, “आमच्या आजोबांचं हेच नाव होतं. या घरी.” आम्ही गेलो. त्यांनी चहा दिला, चिवडा दिला, भिंतीवरचा फोटो काढून आईच्या हातात दिला. मग बोलता बोलता कळलं, की त्यांचे आजोबा माझ्या आईपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठे होते. नाव तेवढं जुळत होतं.

परतताना रिक्षात आई म्हणाली, “माणसं चांगली होती. पण आता असं कुणाच्या घरात शिरायचं नाही. पुरे झालं.”

मीही सोडून दिलं होतं. पण एकदा ऑफिसच्या गोदामाचा सातबारा काढायचा होता. सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं, आणि खाली पाहिलं तर गट नंबर माहीत नसेल तर पहिल्या नावानं, मधल्या नावानं किंवा आडनावानं शोधायची सोय होती. मधलं नाव म्हणजे बापाचं नाव. आजोबा स्वतः तर केव्हाच गेले असणार, त्यांच्या नावावर जमीन कशी राहील? पण दुसऱ्या लग्नाची मुलं असतील, तर त्यांच्या मधोमध आजोबांचं नाव असेलच.

मग मी रविवारी दुपारी बसायला लागले. वसई तालुक्यातलं एकेक गाव निवडायचं, मधल्या नावात आजोबांचं नाव टाकायचं, जी नावं येतील त्यांतून आईचं माहेरचं आडनाव बघायचं. आई शेजारी बसून तूर निवडायची, माझ्याकडे बघायचीही नाही. पण प्रत्येक वेळी त्या साइटवर वेडीवाकडी अक्षरं येतात, ती ओळखून टाकावी लागतात. माझी तिथे तीन-तीनदा चूक व्हायची. एकदा न राहवून आईनं चष्मा चढवला आणि मान पुढे केली.

“तो पाच नाही, इंग्लिश एस आहे. आणि शेवटचा सात.”

तेव्हापासून अक्षरं वाचायचं काम तिचं झालं. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई एकदाही चुकली नाही.

चौथ्या की पाचव्या रविवारी एका खाडीकाठच्या गावात दोन नावं आली. दोन्हींत मधलं नाव आजोबांचं, आडनाव तेच. त्यांतलं एक कुणा पुरुषाचं होतं. दुसरं माझ्या आईचं.

मी त्यावर बोट ठेवलं. आईनं ते वाचलं. मग पुन्हा, अक्षर अक्षर लावून वाचलं.

“हे माझं नाव आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “पण हे लिहिलं कुणी?”

तिचा प्रश्न बरोबर होता. जिला देऊन टाकलं, तिचं नाव कागदावर कशाला ठेवतील? मी सातबारा उघडला. आजोबा वारल्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली होती, आधी मुलगी, मग मुलगा. गट नंबरावरून नकाशाच्या साइटवर त्या जागेचा आकार मिळाला. उपग्रहाच्या चित्रांत तीच जागा शोधली. आताच्या चित्रात नुसती झाडी होती. जुन्या वर्षांची चित्रं मागे मागे नेली, तसं एका चित्रात कौलांचं लांबट छप्पर दिसलं आणि त्याच्या मागे एक काळा गोल ठिपका.

“विहीर असेल,” मी म्हटलं.

“मला आठवत नाही,” आई म्हणाली. “मला त्यातलं काहीच आठवत नाही गं.” तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गावात गेलो. जागा सापडली, पण तिथे रानमोगरीची आणि करवंदीची जाळी माजली होती. समोरच्या दुकानदारानं मालकाचं नाव ओळखलं. “घर पडलं कधीच. ते आता विरारला मनवेलपाड्यात असतात, मुलाकडे,” म्हणून त्यानं फोन नंबर दिला. मी फोन केला तो मुलानं उचलला. मी माझ्या आईचं माहेरचं नाव सांगितलं, तर त्यानं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग तो कोरडेपणानं म्हणाला, “या. पण जमिनीचं काही असेल तर आधीच सांगतो, आम्ही कुठल्याही कागदावर सही करणार नाही.”

मला राग आला, पण त्याचंही चुकत नव्हतं. वसई-विरारमध्ये आज दारात अनोळखी नातेवाईक उभा राहिला, की लोकांच्या मनात पहिल्यांदा हेच येतं.

मनवेलपाड्यातल्या त्या इमारतीत लिफ्ट बंद होती. आई तीन मजले चढली, प्रत्येक मजल्यावर थांबत. दार मुलानं उघडलं. आत खुर्चीत एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. आईला बघून तो उठला आणि तसाच उभा राहिला. मला पहिल्यांदा दिसलं ते त्याचं कपाळ. ते माझ्या आईचंच होतं.

“ताई, तू जिती हायेस,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

तो माझा मामा, आईचा सावत्र भाऊ. त्या दिवशी त्यानं जे सांगितलं, ते ऐकताना त्याचा मुलगाही खुर्ची ओढून बसला, कारण त्यातलं बरंच त्यालाही नवीन होतं.

आजोबांनी आईला देऊन टाकलं नव्हतं. मावशी तिला भातकापणी होईपर्यंत म्हणून घेऊन गेली होती. कापणी झाल्यावर आजोबा मुंबईला गेले, तर मावशीनं पोरगी आजारी आहे म्हणून त्यांना एकट्यालाच परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेले, तेव्हा खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. मुंबईत कुठे शोधणार? आजोबा गेल्यावर तलाठ्यानं वारस विचारले, तेव्हा मामाची आई, म्हणजे आईची सावत्र आई, पुढे झाली आणि म्हणाली, “पयली मोठी पोरगी लिवा. मंग माजा पोर.”

“पुढं घर पडलं,” मामा म्हणाला. “जागा इकत घ्याया लोक आले. पन तुजी सही पायजे. एक दलाल म्हनला, बहीन मेली, मागं कोन नाय, असं लिवून द्या. मी त्याला घराच्या भायेर काढला. जित्या मानसाला मेली कसं लिवू? आनि खरंच मेली असंल, तर मला कळाया नको?”

मुलगा मान खाली घालून बसला होता. बहुधा त्या वेळी तोही दलालाच्या बाजूचा असणार.

आई ऐकत होती. मला वाटलं ती आता मावशीबद्दल काहीतरी बोलेल. मामानंच विचारलं, “असं का केलं असंल गो तिनं?”

“तिनं मला फार मायेनं वाढवलं,” आई म्हणाली. “तिच्याविषयी माझ्यासमोर वाईट बोलायचं नाही.” मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, “वडील कसे होते? रागीट होते का?”

त्या घरी आम्ही जेवून निघालो. पुढे ती दोघं रोज फोनवर बोलू लागली. काही महिन्यांनी मामाचा मुलगा आमच्याकडे आला. सोफ्याच्या काठावर बसून तो अडखळत म्हणाला, “आत्या, पहिल्या दिवशी मी जे बोललो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.” मग हळूच मनातलं काढलं. जुन्या जोत्यावर दोन खोल्यांचं घर बांधायचं होतं, बाबांना शेवटची वर्षं गावात काढायची होती. एका वकिलानं त्याला सांगितलं होतं, आत्याकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे सातबाऱ्यावरून त्यांचं नाव निघेल आणि कटकट मिटेल.

मला वाटलं, आई लगेच हो म्हणेल. तिला जमिनीचा काडीचा मोह नव्हता. पण ती म्हणाली, “घर बांध. संमतीची सही मी आत्ता देते. पण त्या कागदावरून माझं नाव काढायचं नाही. मी असेपर्यंत तरी नाही.”

तो हसला आणि म्हणाला, “बाबा म्हणाले होते, ती असंच म्हणेल.”

आता घराच्या भिंती कमरेएवढ्या आल्या आहेत. दर रविवारी आम्ही जातो. गवंड्याला चहा मिळतो आणि भावाबहिणीचं भांडण फुकटात ऐकायला मिळतं. मागच्या रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीवरून वाद झाला. मामा म्हणत होता, खिडकी पूर्वेला होती, तशीच हवी. आई म्हणत होती, पश्चिमेला ठेव, खाडीचा वारा येईल.

“तू तीन वर्साची असताना गेलीस,” मामा वैतागून म्हणाला. “तुला काय म्हाईत वारा कुठनं येतो?”

“तू तर तेव्हा जन्मलाही नव्हतास,” आई म्हणाली. “आणि मोठी कोण आहे?”

गवंड्यानं मामाकडे बघितलं. मामानं हात झटकले आणि पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवलं.