फॅक्सच्या रकान्यातली माणसं

वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकांच्या नोंदी करणाऱ्या बाईंना सगळे चौकशीताई म्हणत. मशीन बिघडल्याचा फोन आला की त्या आधी गुडघे कसे आहेत ते विचारत. शेजारच्या टेबलावर माझे कान किटत, पण गिऱ्हाइकांना बोलायला त्याच हव्या असत.

मागच्या वर्षी सॉफ्टवेअर नवं झालं आणि ताईंची एकही नवी नोंद सेव्ह होईना. लाल अक्षरांत 'माहिती चुकीची' एवढंच येई. माझ्या नोंदी मात्र बिनबोभाट होत होत्या. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरवाला आला. त्याने एक नोंद केली, ती झाली. "आता तुम्ही करा." ताईंनी एका आजींचं नाव, पत्ता, फोन भरला आणि फॅक्सच्या रकान्यात लिहिलं, 'ऐकू कमी येतं. खिडकीवर टकटक करा.'

"अहो, हा फॅक्स नंबरचा रकाना! नव्यात इथे फक्त आकडे चालतात."

"फॅक्स आहे कोणाकडे आता? रिकामाच पडला होता."

सोळा वर्षं त्या तिथेच लिहीत होत्या.

"जुन्या नोंदींतला असला मजकूर शुक्रवारी आपोआप पुसला जाईल," तो म्हणाला.

ताईंचा चेहरा उतरला. "पुसू नका हो. तीन महिन्यांनी मी निवृत्त होतेय. मग ह्या माणसांना ओळखणार कोण?"

तो जुन्या नोंदी चाळू लागला. 'कुत्रा भुंकतो, चावत नाही.' 'बाळ दुपारी झोपतं, बेल नको.' 'आजोबांना बिघाड समजावून सांगा, आवडतं.' तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. संध्याकाळपर्यंत त्याने 'विशेष सूचना' असा नवा रकाना करून सगळा मजकूर तिथे हलवला. मला माझ्या टोमण्याची लाज वाटली. तसं मी ताईंना सांगितलंही.

"झालं ना अंगण सरळ?" त्या म्हणाल्या.

परवा ताईंचंच मशीन बिघडलं. काय झालं ते मेकॅनिकने मला सांगितलं. काम आटोपलं तरी तो उठेना, तेव्हा ताईंनी विचारलं, "तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?"

त्याने मोबाइल पुढे केला. ताईंच्या नोंदीत मी लिहून ठेवलं होतं, 'काम झालं तरी लगेच निघू नका. सगळ्यांची खुशाली सांगा.'

ताईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "बरं, त्या खिडकीवाल्या आजींपासून सुरू करा."