शिलाई मशीनचं झाकण

माझी मावशी खाली दुकानात कपडे शिवते आणि वर गच्चीवर मधमाश्या पाळते. गल्लीत तिला सगळे मधवालीच म्हणतात. शर्ट द्यायला उशीर झाला की ती बिनदिक्कत सांगते, "माश्यांचं जरा बिनसलं होतं हो," आणि गिऱ्हाईक निमूट परत जातं.

काका, म्हणजे तिचे यजमान, टापटिपीचे इतके की हात धुतल्यावर नळही पुसतात. माश्यांना मात्र टरकून असतात. पहिली पेटी आली त्या दिवशी त्यांनी गच्चीचा जिना सोडला तो सोडलाच.

यंदा मावशीच्या मागे साडेसातीच लागली होती. एका पेटीतल्या माश्या पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्यामुळे गेल्या, मग दुसरीतल्या. उरली एक. "हीपण गेली ना, तर बस्स. परत पेटीला हात लावणार नाही," असं ती म्हणाली. ही बाई उगाच बोलत नाही. आणि माश्यांशिवाय मावशी मला नको होती, अगदी स्पष्ट सांगते.

काल सकाळी ती शेवटची पेटीही रिकामी झाली!

मुंग्यांच्या जाचाला कंटाळून अख्खा घोळका उठला, गल्लीवर गरगरला आणि समोरच्या सायकलवाल्याच्या दारात टांगलेल्या सायकलच्या सीटखाली जाऊन लोंबला. सायकलवाला हातात पाना घेऊन थेट आमच्या दुकानात घुसला आणि कपाटाआड उभा राहिला.

"ताई, गिऱ्हाईक येईल हो सायकल न्यायला!"

"येऊ दे. म्हणावं, बसू नकोस," मावशी म्हणाली. जाळीची टोपी चढवून तिने इस्त्रीची पाण्याची बाटली उचलली. "असा टेकलेला घोळका फार वेळ थांबत नाही गं. उडाला की संपलं. जिन्याखालची रिकामी पेटी आण. पळ!"

मी पळाले. मावशीने पाणी शिंपडलं, माश्या एकमेकींना घट्ट बिलगल्या. मी खाली पेटी धरली, तिने सीटला हिसका दिला आणि सगळा घोस धप्पकन आत! झाकण लावलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी तर नाचायचीच बाकी होते.

आणि दूध उतू जावं तशा माश्या फटीतून भसाभसा बाहेर आल्या. परत सीटखाली!

मावशीने पेटीत नाक खुपसलं आणि ताडकन वळली. "लिंबाच्या साबणाचा वास येतोय! कुणी धुतली ही?"

"मी," दुकानाच्या दारातून काका म्हणाले. "कालच. किती कळकट झाली होती. म्हटलं, परत माश्या आणशील, तर निदान पेटी तरी..."

"अहो, तो कळकटपणाच तर हवा असतो त्यांना! जुन्या मेणाचा वास आला की त्यांना वाटतं, इथं आपलं कुणीतरी राहून गेलंय. तुम्ही दवाखाना करून ठेवलात!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लगेच वाईटही वाटलं. माश्यांच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा माणूस त्यांच्यासाठी पेटी घासत बसला होता.

आता काय? एक पेटी किड्याने पोखरलेली, दुसरीत मुंग्या, तिसरीला साबण. सीटखालच्या माश्या सैरावैरा धावू लागल्या, गुणगुण चढत चालली. मावशीने दुकानभर नजर फिरवली आणि झडप घातली ती शिलाई मशीनच्या लाकडी झाकणावर. तिच्या पहिल्यावहिल्या पोळ्याच्या मेणाचा गोळा त्याच झाकणात असतो. काजं करताना ती दोरा त्यावरून ओढते, म्हणजे तो गुंतत नाही. इतक्या वर्षांत झाकण आतून मेणाने माखून गेलं होतं.

"अहो, इकडे या. तुम्ही उंच आहात. हे सीटवर टोपीसारखं धरा."

"मी?"

"मग काय, सायकलवाल्याला सांगू?"

"नको हो ताई!" कपाटाआडून आवाज आला.

मावशीने स्वतःची जाळीची टोपी काढून काकांच्या डोक्यावर घातली. काका गेले. डोळे गच्च मिटून त्यांनी झाकण धरलं. मावशी खालून मऊ ब्रशने माश्यांना वर सरकवत होती. एक माशी काकांच्या मनगटावरून चालू लागली.

"हलू नका."

"हलत नाहीये. जिवंत आहे का तेवढं सांग."

तेवढ्यात झाकणाच्या कडेवर काही माश्या बूड वर करून पंख फडफडवू लागल्या. मावशी किंचाळलीच, "राणी आत गेली! बाकीच्यांना बोलावतायत बघ!" आणि खरंच, सगळ्या धावत वर, झाकणात, अंधारात! मी सायकलवाल्याला कपाटामागून ओढून काढून ते दाखवलं.

संध्याकाळी फळीवर ठेवून झाकण गच्चीवर गेलं. खाली स्टूल, स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढायला नकोत. पण मावशी हसली नाही. "राहतात की जातात ते उद्या कळेल. पायांना पराग लावून आल्या, तर पिल्लं वाढवायचा विचार आहे म्हणायचं. म्हणजे घर मानलं."

आज सकाळी ती उघड्या मशीनवर बाही जोडत बसली होती. म्हणजे पाय पायट्यावर होता, मशीन काही चालत नव्हतं.

"वर जाऊन बघ ना," मी म्हटलं.

"तू जा."

मीही गेले नाही. छातीच होत नव्हती.

मग वरून आरोळी आली. काकांची. गच्चीवरून!

"अगं ए! पिवळं आणतायत! पायांना पिवळं लावून येतायत सगळ्या! वर ये लवकर!"

मावशी गळ्यात टेप तशीच ठेवून धावली, मी तिच्यामागे. वर पोचलो तर काका झाकणासमोर उकिडवे बसले होते, डोक्यावर टोपीबिपी काही नव्हती.