कासवावरून आलेल्या बाईचं नाव

पापा तुनुईनं एकतीस वर्षं पर्यटकांना एकच गोष्ट सांगितली, आणि एकतीस वर्षं ती खोटी सांगितली. खोटेपणा त्याच्या अंगात नव्हता. रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसणारा माणूस तो, दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेला नारळसुद्धा उचलायचा नाही. पण ही गोष्ट परक्याला खोटीच सांगायची असते, असं त्याला बापानं शिकवलं होतं आणि बापाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नाही. त्याचं वाटोळं झालं ते या सरळपणामुळे.

गोष्ट अशी. त्यांच्या घराण्याच्या मूळ आजीनं लांबच्या एका बेटावर पुरुषांच्या वाट्याचं कासवाचं डोकं खाल्लं. भावांनी तिला समुद्रात ढकललं. तेव्हा दुसऱ्या एका कासवानं तिला सात दिवस पाठीवर वाहून आमच्या आयटुटाकी बेटाच्या लगूनपर्यंत, म्हणजे प्रवाळानं अडवलेल्या उथळ समुद्रापर्यंत, आणलं आणि मोटू-उरीच्या किनाऱ्याला लागताच ते कासव दमून दगड झालं. मोटू-उरी म्हणजे लगूनच्या कडेचं एवढंसं बेट. दगड अजून तिथंच आहे. घराण्यातल्या प्रत्येक पोराची नाळ त्या बेटावर पुरायची, वर नारळ लावायचा. राहायला तिथं कोणी नाही, पण तुनुईला विचारलं असतं की तुझं घर कुठं, तर त्यानं बोट तिकडंच दाखवलं असतं.

आजीचं खरं नाव मात्र कुठं घ्यायचं नाही. ते एका पिढीत एकालाच सांगायचं. तेही त्या दगडापाशी, अनवाणी, पाय पाण्यात बुडवून. बापानं तुनुईला सांगितलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. "बाहेरच्याला गोष्ट दे, मासा दे, हवं तर पाठीवरचा सदरा काढून दे," बाप म्हणाला होता. "नाव दिलंस की संपलास."

पुढे बेटावर विमानं उतरायला लागली, गोऱ्या माणसांची रीघ लागली. या लोकांना निळं पाणी पुरत नाही, पाण्यामागं एखादी गोष्टही लागते. बोटीच्या कंपनीनं तुनुईला गोष्ट सांगायला ठेवलं. पहिल्याच दिवशी एका बाईनं विचारलं, "तिचं नाव काय?" तुनुईची पंचाईत झाली. मागं त्याचा जिवलग दोस्त तिमोती मासे भाजत उभा होता. तुनुईनं तिमोतीच्याच घराण्यातल्या एका आजीचं नाव ठोकून दिलं. "पुआतेआ!"

तिमोतीच्या हातून चिमटा पडायचा राहिला. संध्याकाळी तो म्हणाला, "काय रे, आमच्या म्हातारीला कासवावर बसवलीस? ती शेजारच्या बेटावरनं सून म्हणून आली, तेव्हा होडीत सगळा वेळ ओकत होती म्हणतात!"

"बसू दे की! तुझ्याच म्हातारीला फुकटात फिरवतोय."

"मग तिला खायला तरी घाल, मेल्या."

ही थट्टा पुढं तीस वर्षं चालली. लग्नाच्या जेवणात अळूची भाजी वाढतानासुद्धा तिमोती ओरडायचा, "पुआतेआच्या कासवालाही वाढा रे!" आणि सगळा मांडव हसायचा.

तुनुईचे गुडघे गेले तेव्हा कंपनीनं त्याचा आवाज टेपवर घेतला. मग बोट निघाली की भोंग्यातून तोच बोलायचा, मागं उकुलेलेची, म्हणजे छोट्या चारतारी गिटारची साथ. तो किनाऱ्यावर बसून ऐकायचा आणि फुशारून जायचा. त्याची थोरली मुलगी तेरेआपी पंधरा वर्षं ऑकलंडमध्ये कारखान्यात खपून दोन पोरांना घेऊन परत आली होती, ती त्याच बोटीवर कामाला लागली. नाव आता तिला सांगायचं होतं. पण शनिवारपर्यंत तिची बोट, रविवार देवाचा, आणि पापाचे गुडघे. "पुढच्या ओहोटीला जाऊ," तो म्हणायचा. अशा कितीतरी ओहोट्या गेल्या. त्यानं आळस केला, दुसरा शब्द नाही त्याला.

मग एका हॉटेलवाल्याच्या नजरेत मोटू-उरी भरलं. आमच्याकडे जमीन विकता येत नाही, पण भाड्यानं देता येते. ज्याचा पूर्वज तिथं पहिला उतरला, त्याच्या वंशाची सही लागते. तुनुईनं साफ नकार दिला. महिन्याभरानं कोर्टाचा कागद आला. मोटू-उरीवर पहिली उतरली ती पुआतेआ, म्हणून बेट आमचं, असा दावा होता. खाली सही तिमोतीची.

तुनुई काठी टेकत त्याच्या घरी गेला. तिमोती ओट्यावर नारळ किसत होता.

"ही कसली रे थट्टा?"

"थट्टा नाही." तिमोतीनं मान वर केली नाही. "माझी तिन्ही पोरं परमुलखात आहेत, तुनुई. इथं हॉटेल झालं तर परत येतील. नातवंडं दिसतील."

"तुझी म्हातारी होडीतनं आली! ओकत आली! तूच सांगितलंस मला!"

"मी काय सांगितलं ते कुणी लिहून ठेवलंय? तू सांगितलंस ते टेपवर आहे."

"माझ्या डोळ्यात बघून बोल."

तिमोती किसतच राहिला. नारळ संपला होता, नुसती करवंटी खरवडली जात होती.

सुनावणी गावच्या सभागृहात झाली. झाडून सगळं गाव आलं, शेंगदाणे घेऊन. तिमोतीच्या वकिलानं टेप लावली. "या बेटावर पहिलं पाऊल पडलं ते पुआतेआचं," तुनुईचा खणखणीत आवाज आला आणि उकुलेले वाजलं. एकतीस वर्षांची सवय. मागच्या बाकावरच्या दोघीतिघी टाळ्या वाजवून मोकळ्या झाल्या आणि मग त्यांनी जीभ चावली.

"हा आवाज तुमचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझा. पण नाव खोटं आहे."

"मग खरं कोणतं?"

नाव सांगावं तर बापाचा शब्द मोडतो, न सांगावं तर पोरांच्या नाळांवर हॉटेल बसतं. इथं ना दगड होता ना पाणी. तुनुईनं चपला काढल्या. तेवढंच त्याला करता येण्यासारखं होतं. मग त्यानं नाव सांगितलं. ते इथं लिहायचं नाही.

कारकुनानं स्पेलिंग विचारलं.

"हे नाव आणखी कोणाला माहीत आहे?" न्यायाधीश म्हणाले.

"कोणालाच नाही. म्हणून तर ते खरं आहे."

सभागृहात हशा पिकला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी तेरेआपीला उभं केलं. "तुमच्या वडिलांनी तुम्हाला हे नाव कधी सांगितलं होतं?"

तेरेआपीनं बापाकडे पाहिलं. तिचा हात बायबलवर होता. "नाही," ती म्हणाली. "मी आत्ताच ऐकलं. सगळ्यांबरोबर."

निकालात पापा तुनुईच्या प्रामाणिकपणाबद्दल दोन गोड वाक्यं होती आणि मोटू-उरी तिमोतीच्या वंशाला दिलं होतं. बाहेर तिमोती त्याला हात द्यायला पुढं आला. तुनुई त्याच्या शेजारून तसाच निघून गेला आणि पुढं मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. नारळाची झाडं तोडून तिथं हॉटेलच्या खोल्या उठल्या. तिमोतीची पोरं सुट्टीला येऊन जातात, राहायला कोणी आलं नाही.

हॉटेल सुरू झालं आणि दोन महिन्यांनी बोटीवरचा भोंगा बंद झाला. कंपनीला आता जिवंत माणूस हवा होता, कारण कोर्टातली भानगड पेपरात आली होती आणि पर्यटक तिच्याबद्दलच विचारत होते. गोष्ट तेरेआपी सांगू लागली. तुनुईनं तिला एकदाच विचारलं.

"काय सांगतेस त्यांना?"

"दोन्ही नावं सांगते, पापा. आधी पुआतेआ, मग गुपित असलेलं. त्यांना ते आवडतं."

"ते नाव बोटीत घ्यायचं नसतं."

"मग कुठं घ्यायचं असतं?" तेरेआपी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. "मला कोणी सांगितलंय?"

तुनुईजवळ उत्तर होतं. पण तिला न्यावं अशी जागा उरली नव्हती. कासवाच्या दगडावर हॉटेलच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या.

त्याच आठवड्यात तो धक्क्यावर बसला असताना बोट आली. उन्हानं लाल झालेली एक म्हातारी गोरी बाई खाली उतरली, गळ्यातली फुलांची माळ काढून तिनं त्याच्या गळ्यात घातली आणि दोन्ही हात जोडून, नमस्कार करावा तसं, ते नाव घेतलं. उच्चार अगदी शुद्ध होता. तेरेआपीनं मेहनत घेऊन शिकवला होता.

तुनुई सवयीनं हसला. मग त्यानं वाकून, गुडघे दुखत असताना, पायातल्या चपला काढल्या.