साडूंची चेसी

जगातल्या यच्चयावत वस्तू खालून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पाहुणा म्हणून गेल्यावर आपण खुर्चीवर बसतो. आमचे साडू आधी खुर्ची उलटी करतात. लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला स्टेजवर चढण्याआधी ते खालचा पडदा उचलून आत डोकावतात, आणि मागे आहेराची पाकिटं धरून उभी असलेली सगळी रांग खोळंबते. त्यांच्या कुरुंद्याहून आमच्या वसमतला यायला निघाले की यष्टीत पाय ठेवण्याआधी रस्त्यावर उकिडवे बसून तिच्या पोटाखाली बघतात. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, काही पडलं का खाली?" साडू म्हणाले, "पडलं न्हाई. पडंल का ते बघून राहिलो." माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा घरात पोह्यांच्या बशा फिरत असताना हे पाहुण्यांच्या मोटारीखाली शिरले होते. बाहेर आले ते धोतराला ऑइल लावून, आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगं बरं दिसतंय. पण ज्या गाडीत बसून आलं तिच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला हाय आन् त्याला ते ठावंच न्हाई. त्याला पोरगी काहून द्यायची?" ते स्थळ तिथंच संपलं.

हे मी हसत सांगतोय खरा, पण आमच्या घरात साडूंच्या या सवयीला कुणी हसत नाही. ते पूर्वी असे नव्हते. हळदीच्या रानात राबणारा, गाणी गुणगुणणारा, कुणाच्याही ट्रॅक्टरवर उडी मारून बसणारा मोकळाढाकळा माणूस होता तो. त्यांना एकच मुलगा. पोरगं धंद्याच्या वयात आलं तसा त्यानं माल वाहायला जुनी पिकअप घ्यायचं ठरवलं, आणि ती पसंत केली साडूंनी. इंजिनाचा आवाज ऐकला, टायर बघितले, दारं उघडून लावून पाहिली. खाली वाकून मात्र बघितलं नाही. खालचा लोखंडी सांगाडा, ज्याला हे लोक चेसी म्हणतात, कधीतरी तुटून परत जोडलेला होता, आणि जोडावर काळा रंग फासलेला होता. वर्ष सरायच्या आत डोंगरकडा गावाहून केळी भरून येताना उतारावर ती गाडी त्याच जोडातून मोडली. पोरगं जागीच गेलं. पोलिसांच्या आवारातून गाडी सुटली तेव्हा ती कुणालाच दारात नको होती, म्हणून भावकीतल्या कुणीतरी ती परस्पर भंगारात देऊन टाकली. साडूंनी त्या वेळी काही विचारलं नाही. दिवसपाणी झाल्यावर ते उठले, आणि घरातली बाज उलटी करून तिचे सांधे बघू लागले. तिथून हे सुरू झालं.

पुढे त्यांनी आणखी एक खूळ काढलं. त्यांच्या वडलांनी फार वर्षांपूर्वी मिलिटरीच्या लिलावातून एक पिकअप आणली होती. बोथट नाकाची, मोठ्या गोल दिव्यांची, चढावर माणसासारखी धापा टाकणारी. खताच्या गोण्या वाहून वाहून तिची चेसी गंजून कुजली होती आणि गाडी गोठ्यामागे पडून होती. साडूंनी जाहीर केलं, की ही परत रस्त्यावर आणायची. त्यांनी इंजिन उतरवून खोललं, केबिन विटांवर ठेवली, हौद्याला नव्या फळ्या ठोकल्या. राहिली फक्त चेसी. ती शोधायला त्यांनी सोबत म्हणून मला धरलं. माझं वसमतला कापडाचं दुकान; लोखंडातलं मला खिळ्यापलीकडे काही कळत नाही. पण बायकोनं बजावलं, "दाजींना एकटं सोडू नका. ताईला भ्या वाटतं." म्हणून दुकान बंद असेल त्या दिवशी साडूंना मोटारसायकलवर मागे घेऊन मी भंगाराचे अड्डे पालथे घालू लागलो. अर्थात निघण्याआधी माझ्या मोटारसायकलखाली दर खेपेला पाहणी व्हायचीच.

हिंगोली झालं, नांदेड झालं, परभणी झालं. साडू अड्ड्यात शिरायचे, खिशातली छोटी हातोडी काढून चेसीवर टोले मारायचे आणि कान लावायचे. मग तिच्या दोन्ही बाजूंवरून, टोकापासून टोकापर्यंत, डोळे मिटून तळहात फिरवायचे. कुठली वाकडी निघायची, कुठली गंजलेली, कुठल्या चेसीला त्यांच्या मते "पाणी लागलेलं" असायचं. सगळं बरं असलं की शेवटचा सवाल यायचा, "हिच्यात कोण गेलं?" भंगारवाले चमकायचे. काही जण शपथा घ्यायचे. एकानं तर टोपीवाला माणूस हातोडी घेऊन गाड्यांखाली शिरतोय म्हटल्यावर हा कुठल्या तरी खात्याचा साहेब असणार असं समजून आम्हाला चहा पाजला, बिस्किटं मागवली आणि तेवढ्या वेळात मागच्या दारानं टेम्पोभर माल पसार केला. साडूंनी बशी खाली ठेवली आणि निकाल दिला, "चहा झकास. चेसी भिकार." परत येताना मी हसून हसून बेजार, मागे बसलेले साडू मात्र पुढचा अड्डा कुठला ते विचारून राहिलेले.

एकदा मी वैतागून म्हणालो, "भाऊ, मागची चेसी चांगली सरळ होती. ती काहून नको?"

"साडूबुवा, तुमचं कापड दोन्ही अंगांनी बघता येतं. लोखंडाचं तसं न्हाई. ते रंगाच्या आत काय लपवून बसलंय कुणाला ठावं?"

"मग तुम्हाला कधी चेसी सापडायची?"

"सापडंल," ते म्हणाले. "कुठं तरी असंलच ना ती."

त्या 'ती'वर माझं लक्ष गेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका अड्ड्यावर गेलो. गाव सांगत नाही. भंगारवाला तरुण होता, तोंडानं गोड. "चाचा, अस्सल माल आहे. बराबर सीधा. उद्या कळमनुरीकडची पार्टी येऊन राहिली, भाजीच्या गाडीला पाहिजे त्यांना." चेसी खरोखर देखणी होती, नव्या काळ्या रंगात चकाकणारी. साडूंनी टोले मारले. डोळे मिटून हात फिरवायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. मग बाहेरच्या बाजूला गेला आणि तिथं वेल्डिंग करून बसवलेल्या एका लोखंडी कडीवर येऊन राहिला.

"साडूबुवा," ते म्हणाले, "ही आमच्या औताची कडी."

मला काही कळेना.

"ताडपत्रीची दोरी बांधायला पोरानं स्वतः बसवून घेतली होती. तिरकी बसली म्हणून मी बोललो होतो त्याला."

कडी तिरकी होती. शेजारी, रंगाखाली, पट्टी मारून केलेला जाड जोड आता मलाही दिसत होता. मी म्हणालो, "भाऊ, चला. चला इथून." मला वाटलं आता हा माणूस त्या भंगारवाल्याच्या नरडीला हात घालणार, नाहीतर इथंच कोसळणार. साडूंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी खिशात हात घातला, भंगारवाल्यानं तोंडाला येईल ती सांगितलेली किंमत घासाघीस न करता त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "माल माझा झाला का?"

"झाला की, चाचा. टेम्पो बोलावू?"

"टेम्पो नको. गॅस कटर पेटवा. तुकडे करायचे."

"पागल झालात का चाचा? एवढी चांगली चेसी!"

"वीतभर तुकडे. परत कुणाला जोडता येऊ नाहीत असे."

भंगारवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार होतो? कटर पेटला. साडू एका फुटक्या टायरवर बसून बोटानं दाखवत होते. इथून. आता इथून. हा लांब राहिला, अजून एक. ठिणग्या त्यांच्या पायांपर्यंत येत होत्या, ते पाय मागे घेत नव्हते. कडीपाशी आल्यावर तेवढी त्यांनी अलगद कापून घेतली. ती मातीत पडली, लालभडक. भंगारवाल्याला बहुतेक आता काहीतरी उमगलं होतं, कारण तो मघाचा गोडवा सोडून खालच्या आवाजात म्हणाला, "पाणी टाकतो चाचा, पटकन थंड होईल."

"असू द्या. होईल आपोआप."

आम्ही तिघंही तिथंच बसून राहिलो. ऊन रणरणत होतं. कडी लालची काळी झाली, तरी साडू हात लावेनात. मधेच ते त्या भंगारवाल्याला म्हणाले, "बाबा, तुटून जोडलेलं इकू नको. इकत घेणारं लेकरू तुला दिसत न्हाई, म्हणून सांगतो." तो खाली मान घालून "व्हय" म्हणाला. तो पुढं तसं वागला की नाही, देव जाणे. शेवटी साडूंनी कडीला बोट लावून बघितलं, उचलली, रुमालात गुंडाळली आणि निघाले. तुकड्यांचा ढीग तिथंच राहिला.

वाटेत मला राहवलं नाही. "भाऊ, इतके दिवस आपण तुमच्या वडलांच्या गाडीला चेसी शोधत होतो, की हीच शोधत होतो?"

मागून ते म्हणाले, "गाडीला बी पाहिजेच होती की." आणि थोड्या अंतरानं, "कोण्या दुसऱ्याच्या पोराखाली असती ती, साडूबुवा. उद्याच गेली असती."

त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. माझ्या खांद्यावर मात्र त्यांनी हात ठेवला होता, तो कुरुंदा येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंचा बायकोला फोन आला. घरी येऊन जेवले आणि भरदिवसा झोपले, म्हणे. दिवे लागले तरी उठले नाहीत. ताईंनी दोनदा नाकापुढं बोट धरून बघितलं, श्वास चालू होता, मग उठवलं नाही.

त्यानंतर साडूंनी मला बोलावलं नाही. दोन-तीन सुट्ट्या गेल्या. मला करमेना. अखेर मीच फोन लावला, "भाऊ, निघायचं का? गाडीची चेसी राहिलीय अजून."

"तुमीच बघा आता," ते म्हणाले. "सरळ दिसली तर घेऊन टाका. मला लोखंड बघू वाटंना."

मला काय कळतंय त्यातलं? तरी हल्ली नांदेडला मालाला गेलो की परतीच्या वाटेवर एखाद्या अड्ड्याशी थांबतो. भंगारवाला काय पाहिजे विचारतो. मी नुसताच आत जातो, दिसेल त्या चेसीवरून कापडावरून फिरवावा तसा हात फिरवतो, आणि काही न घेता परत येतो.